सिड व्हिशसचा 'सिड सिंग्ज' ऐकायचा तरी कसा?

रेवा_के

नमस्कार मंडळी. पंकवर इथे फारसे धागे दिसले नाहीत, म्हणून नवा काढते आहे.

'सेक्स पिस्टल्स' या इंग्लिश पंक बँडचा बेसवादक सिड व्हिशस, त्याचं 'माय वे' मी पहिल्यांदा एका सिनेमाच्या शेवटी, श्रेयनामावली सरकत असताना ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच नाही. आधी तो मुद्दाम घोगरा काढलेला, ओढूनताणून लावलेला सूर, मागे व्हायोलिनं, आणि मग एकदम गिटारी तुटून पडतात. तेवढ्या एका गाण्यापायी मी 'सिड सिंग्ज' मिळवला. सिड गेला २ फेब्रुवारी १९७९ ला आणि अल्बम आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

गेले तीन रविवार तो लावते आहे आणि दर वेळी अर्ध्यावर बंद करते आहे. शेजारच्या खोलीत दार लावून कुणी वाजवत बसलंय असा आवाज. शब्द कळत नाहीत, काही ठिकाणी ते त्यालाही आठवत नसावेत अशी शंका येते. गाणी जवळजवळ सगळी दुसऱ्यांची. 'माय वे' आहे, पण मी ऐकलं होतं ते हे नव्हे, व्हायोलिनंबियोलिनं काही नाहीत.

मला मनापासून विचारायचंय. याच्यात ऐकण्यासारखं काही आहे का, की एकवीस वर्षांच्या मुलाच्या मरणानंतर हाती लागेल ते विकलं एवढाच याचा अर्थ? आणि असलं तर कान कुठे लावायचा?

---

अनवट_सूर

रेवा, तुमची शंका रास्त आहे. त्याने हा अल्बम म्हणून कधी गायलाच नव्हता. सप्टेंबर १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'मॅक्सेस कॅन्सस सिटी' या क्लबमध्ये त्याचे काही कार्यक्रम झाले, त्यांच्या टेप्समधून यातली बहुतेक गाणी घेतली आहेत. कुठलं गाणं ठेवायचं, कुठलं वगळायचं, यात त्याचा शब्द नाही. मी एकदा ऐकला, परत लावला नाही. मेलेल्या माणसाला 'हे नको' म्हणता येत नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. इंग्लंडमध्ये तिसाव्या क्रमांकापर्यंत चढला होता, म्हणजे लोकांनी घेतला भरपूर.

---

तालमणी

रेवाताई, मी ड्रम्स वाजवतो. वीसेक वर्षं झाली. त्यामुळे मी सांगेन ते ड्रमरच्या बाजूचं असेल, पण या अल्बमपुरती तीच बाजू खरी, असं माझं ठाम मत आहे.

सिडला ऐकू नका. निदान पहिल्यांदा तरी नको. त्याच्या मागे कोण बसलंय ते ऐका.

मॅक्सेसमध्ये त्याच्या पाठीशी 'द आयडल्स' होते. गिटारवर स्टीव्ह डिओर, बेसवर आर्थर केन आणि ड्रम्सवर जेरी नोलन. केन आणि नोलन म्हणजे 'न्यूयॉर्क डॉल्स' या बँडची अर्धी फळी. डॉल्सचा पहिला ड्रमर बिली मर्सिया १९७२ मध्ये लंडनच्या दौऱ्यावर असताना गेला, त्याच्या जागी नोलन आला, आणि १९७३ व १९७४ चे दोन्ही अल्बम त्याच्याच हाताने वाजले. पुढे १९७५ मध्ये तो आणि जॉनी थंडर्स डॉल्समधून बाहेर पडले आणि त्यांनी 'हार्टब्रेकर्स' काढला.

आता यातली गाणी बघा. 'बॉर्न टू लूज' हार्टब्रेकर्सचं. 'टेक अ चान्स' त्यांचंच. 'चायनीज रॉक्स' डी डी रमोन आणि रिचर्ड हेल यांचं, पण रेकॉर्डवर पहिल्यांदा आणलं हार्टब्रेकर्सनी. 'चॅटरबॉक्स' हे डॉल्सच्या दुसऱ्या अल्बममधलं थंडर्सचं गाणं. म्हणजे आपण याला 'कव्हर्सचा', म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांचा, अल्बम म्हणतो ते सिडच्या अंगाने. मागच्या दोघांसाठी त्यातली कितीतरी गाणी घरचीच होती. इथे पाहुणा कोण असेल तर तो गाणारा.

हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं लागली. लंडनला नोकरीला होतो तेव्हा कॅम्डेनमधल्या एका जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात हा घेतला आणि तुमच्यासारखाच निराश झालो. मग एका हिवाळ्यात, सर्दीने आवाज बसला होता, कुणाशी बोलायचं नव्हतं, तेव्हा हेडफोन लावून 'बॉर्न टू लूज' लावलं आणि नुसता मांडीवर ठेका धरला. तिसऱ्या वेळी स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा ड्रम, दिसायला लागला. 'दिसायला' असंच म्हणेन. गिटारींचा गाळ खाली बसतो आणि त्यातून तो एकच काठ वर येतो, ठक्, ठक्, न घाबरता. वर गाणारा कुठे ओळ उशिरा उचलतो, कुठे सोडूनच देतो. नोलन त्याच्यासाठी थांबत नाही आणि त्याला सोडूनही जात नाही. मी स्वतः बेसूर, बेताल गायकांच्या मागे वाजवलंय. तुम्ही गायकाच्या मागे गेलात तर सगळे मिळून खड्ड्यात जातात, आणि त्याच्याकडे पाठ केलीत तर गाणं तुटतं. मधली वाट नोलनला ठाऊक होती. ती वाट मी या खराब टेपवरून शिकलो, चांगल्या रेकॉर्डवरून नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, मग थांबतो. हार्टब्रेकर्सचा 'एल. ए. एम. एफ.' १९७७ मध्ये निघाला तेव्हा त्याचं मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या आवाजांची जुळणी, इतकं गढूळ होतं की नोलनने त्यावरून बँड सोडला. जो माणूस आवाज स्वच्छ आला नाही म्हणून स्वतःच्या बँडमधून उठून गेला, तोच वर्षभराने तीच गाणी मॅक्सेसमध्ये वाजवतोय, आणि आपल्या हाती येतंय ते त्याहूनही गढूळ. मला याचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण हात तोच आहे, तो झाकला गेलेला नाही.

---

खरखर

तालमणींच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. आवाजाबद्दल थोडं मी सांगतो, टेपा साफ करणं हा माझा जुना नाद आहे.

'शेजारच्या खोलीत दार लावून' हे वर्णन अगदी नेमकं आहे. बंद दारातून काय होतं? वरचे सूर अडतात, खालचे पार होतात. प्रेक्षकांतून कॅसेटवर घेतलेल्या मुद्रणातही तेच होतं. माणसांची अंगं आणि कपडे झांजांची किणकिण शोषून घेतात, बेस मात्र भिंतींवर आपटून फुगतो. त्यात साध्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप धरणारी सोय असायची. मोठा आवाज आला की यंत्र दाबतं, शांतता झाली की उचलतं. म्हणून अशा टेपांवर गाणं दबलेलं आणि दोन गाण्यांमधली कुजबुज कानाजवळ, असं उलटंपालटं ऐकू येतं.

उपाय अगदी साधा आहे. बेस थोडा उतरवा, आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. खराब टेप मोठ्याने लावली की फक्त खराबी मोठी होते.

आणि ही जागाच अशी. याच मॅक्सेसमध्ये ऑगस्ट १९७० मध्ये व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा कार्यक्रम ब्रिजिड पोकने कॅसेटवर घेतला आणि १९७२ मध्ये त्याचाच अधिकृत अल्बम निघाला. त्यात तर लोक पेयं मागवताना ऐकू येतात. मला तो अतिशय प्रिय आहे.

---

अश्विनी_वाचते

ड्रम्सचं वाचून बरं वाटलं, पण एक नाव या धाग्यात अजून आलं नाही म्हणून लिहिते. नॅन्सी स्पंजन. मॅक्सेसचे हे कार्यक्रम झाल्यावर दोनच आठवड्यांत, १२ ऑक्टोबर १९७८ ला, चेल्सी हॉटेलच्या १०० नंबरच्या खोलीत ती मृतावस्थेत सापडली. पोटात सुऱ्याचा वार. वय वीस. खुनाचा आरोप सिडवर ठेवला गेला, आणि खटला उभा राहण्याआधीच हेरॉइनच्या अतिमात्रेने तोही गेला. निकाल लागला नाही तो नाहीच.

मी ही गाणी ऐकते तेव्हा समोरच्या गर्दीत ती उभी असेल हे मला विसरता येत नाही. त्याचे कार्यक्रम ठरवायला तीच धडपडत होती. आणि 'चायनीज रॉक्स' हे हेरॉइनवरचं गाणं त्या दिवसांत त्याच्या तोंडून ऐकणं मला जमत नाही, मी ते पुढे ढकलते. नाझींच्या बेल्सन छळछावणीवरचं गाणं तर मुळीच नाही. ते त्याचं स्वतःचं, कुणाचं उसनं नाही, आणि तिथे मेलेल्यांची त्यात थट्टा आहे. एकवीस वर्षांचा होता म्हणून मी त्याला बरंच माफ करू शकते, ते गाणं नाही.

---

तालमणी

अश्विनीताई, बरोबर बोललात. ते गाणं मीही वगळतो. आणि नॅन्सीचं नाव मी घ्यायला हवं होतं, चूक माझी.

'त्याला शब्द आठवत नाहीत' या रेवाताईंच्या म्हणण्यावर एक राहिलं. सिडने स्वतःचं असं फार थोडं लिहिलं. तो मुळात चाहता होता, आणि पहिल्या रांगेतला. २० सप्टेंबर १९७६ ला लंडनच्या '१०० क्लब'मध्ये सूझी अँड द बॅन्शीज पहिल्यांदा रंगमंचावर आले तेव्हा ड्रम्सवर हाच बसला होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक प्रार्थना घेऊन वीसेक मिनिटं नुसती धोपटली होती. पुढे फेब्रुवारी १९७७ मध्ये ग्लेन मॅटलॉकच्या जागी सेक्स पिस्टल्समध्ये आला, आणि १४ जानेवारी १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये पिस्टल्सचा शेवटचा कार्यक्रम झाला. म्हणजे वर्षही भरलं नाही. न्यूयॉर्कला जाण्याच्या खर्चासाठी ऑगस्टमध्ये कॅम्डेनच्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये जो एकच कार्यक्रम केला, त्यात बेसवर कोण? तोच मॅटलॉक, ज्याची जागा याने घेतली होती. ड्रम्सवर 'डॅम्ड' या बँडचा रॅट स्केबीज. तिथेही जवळजवळ सगळी गाणी दुसऱ्यांचीच. मी त्या इमारतीवरून रोज कामाला जायचो, आणि दर वेळी मॅटलॉकच्या मनाच्या मोठेपणाचा विचार मनात यायचा.

तर मॅक्सेसमध्ये तो गातोय ती त्याची स्वतःची आवड आहे. स्टूजेसची 'आय वॉना बी युअर डॉग' आणि 'सर्च अँड डिस्ट्रॉय', डॉल्स, हार्टब्रेकर्स, आणि एडी कॉक्रनचं 'समथिंग एल्स'. कॉक्रन १९६० मध्ये इंग्लंडातच, चिपनमजवळच्या मोटार अपघातात गेला, तेव्हा तोही एकवीसचाच होता. मुलगा आपल्या खोलीत आरशासमोर उभा राहून आवडत्या रेकॉर्डसोबत गातो, अर्धे शब्द खातो, तसं हे गाणं आहे. फरक इतकाच की मागे ती रेकॉर्ड खरोखर वाजवणारी माणसं उभी आहेत. त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल याचा विचार करून मला अजून गलबलून येतं.

---

अनवट_सूर

हे मला असं कधी दिसलं नव्हतं. आज परत लावतो. मरणोत्तर विक्रीबद्दलचं माझं मत मात्र तेच राहील.

---

खरखर

रेवा, 'माय वे'चं राहिलंच की. तुम्ही ऐकलंत ते पॅरिसमधलं १९७८ चं स्टुडिओतलं. मूळ फ्रेंच गाणं क्लोद फ्रान्स्वाचं, १९६७ चं, त्यावर पॉल अँकाने इंग्रजी शब्द बसवले आणि १९६९ मध्ये सिनात्राने ते जगभर नेलं. सिडच्या गाण्यातली व्हायोलिनं सायमन जेफ्सने बांधली होती, पेंग्विन कॅफे ऑर्केस्ट्राचा. गिटारी स्टीव्ह जोन्सच्या. म्हणजे ते थर देऊन रचलेलं काम आहे. मॅक्सेसमध्ये थर द्यायला कुणी नव्हतं, मोजके वादक आणि माइकसमोर तो. ते स्टुडिओवालं हवं असेल तर पिस्टल्सच्या 'द ग्रेट रॉक अँड रोल स्विंडल'मध्ये शोधा.

---

रेवा_के

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री बेस उतरवला, आवाज कमी केला आणि 'बॉर्न टू लूज' सलग पाच वेळा ऐकलं. पहिल्या दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा मांडीवर हात आपोआप पडायला लागला आणि मग तालमणी म्हणतात तो काठ वर आला. त्यानंतर सिडच्या आवाजाचा राग येईनासा झाला. तो ठेक्याला धरून चालतोय असं वाटलं, अंधारात कठडा धरून जिना उतरावा तसा. मग 'चॅटरबॉक्स'ही पूर्ण ऐकलं. बेल्सनचं वगळलं. अश्विनी, नॅन्सीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, ते वाचल्यावर दोन गाण्यांमधल्या गलक्याकडे कान आपोआप जातो.

आता नोलनचं मूळ वाजवणं ऐकायचंय. 'एल. ए. एम. एफ.' घेऊ का, की त्या गढूळ मिक्समध्ये पुन्हा हेच?

---

तालमणी

घ्या, पण १९९४ मध्ये निघालेली 'द लॉस्ट '७७ मिक्सेस' ही आवृत्ती घ्या. जुन्या मिक्सेसमधून नव्याने निवडलेली आहे, त्यात ड्रम्स मोकळे ऐकू येतात. 'बॉर्न टू लूज'नेच सुरुवात होते. आधी ते ऐका आणि लगेच मॅक्सेसचं लावा, मध्ये दुसरं काही नको. काय ऐकू आलं ते इथे नक्की लिहा, मी वाट बघतोय.