नाणी ‘छापतात’ की ‘पाडतात’?

अमळनेर : अमेरिकेच्या २००५ च्या नाणे-कायद्यावर लेख लिहितोय. त्या कायद्यामुळे २००७ पासून एक डॉलरच्या नाण्यांवर दिवंगत राष्ट्राध्यक्षांचे चेहरे आले, वर्षाला चार, कारकिर्दीच्या क्रमाने. मी ‘नवी नाणी छापली’ असं लिहिलं. वडील म्हणाले, नोटा छापतात, नाणी पाडतात. बरोबर काय?

धुळे : वडिलांचं बरोबर आहे, भाऊ. टांकसाळीत नाणी पाडतात. चकतीवर ठशाचा दाब बसतो, शाईचा संबंधच नाही.

जळगाव : ताई, पटलं, पण मग ‘छापा-काटा’तला छापा कुठून आला? माझे आजोबा सराफीत होते. खेड्यावरची बाई गाठोडं सोडून रुपया पुढे करायची, ‘नाना, हाऊ राणीछाप शे ना?’ तसला एक घरात अजून आहे. व्हिक्टोरियाचा गाल झिजून सपाट झालाय, मुकुटाशी माळेसाठी जोडलेली कडी आहे, मागे वेलबुट्टीत साल. ही ‘छाप’ ठशाची. म्हणजे शब्द नाण्याचाच आहे, शाईवाली छपाई आपल्या डोक्यात नंतर घुसली. तरी क्रियापद पाडणेच ठेवा. ‘छाप पाडणे’ आपण रोज म्हणतो, त्यात दोन्ही शब्द जोडीने आहेत. मला तर त्यात टांकसाळच ऐकू येते.

अमळनेर : वा! मग ‘रीडिझाइन’ला ‘पुनर्रचना’ नको, ‘नव्या छापाची नाणी’ म्हणतो. पण त्याच कायद्याने २००९ मध्ये लिंकनच्या एक सेंटच्या नाण्याची फक्त मागची बाजू बदलली, त्याच्या आयुष्यातले चार प्रसंग घेऊन. चेहरा १९०९ पासूनचा, तो तसाच राहिला.

धुळे : मग सरळ लिहा, ‘छापा तोच, काटा बदलला’. लहान पोरालाही कळेल.

जळगाव : आणि ‘चलनी नाणं’ जपून वापरा. मागणीच नव्हती म्हणून २०११ च्या डिसेंबरात ही डॉलर-नाणी व्यवहारासाठी पाडणं थांबवलं, २०१२ पासून ती संग्राहकांपुरतीच. ती कायद्याने चलनी, पण चलनात नाहीत. आपल्याकडे १९६४ चा नेहरूंचा रुपया स्मारक नाणं असूनही बाजारात फिरला, त्याला दोन्ही शब्द लागतात. इथे मात्र ‘चलनी’ आणि ‘चलनातलं’ वेगळे ठेवा.

अमळनेर : मथळा बदलला, ‘नव्या छापाची नाणी पाडण्याचा कायदा’. वडिलांना वाचून दाखवला. ‘पाडण्याचा’वर थांबून त्यांनी मान हलवली.