नगरपंचायतीचा पाणीपुरवठा १० वर्षांसाठी कंपनीकडे द्यावा का? करारात काय पाहावं?

अडाणकाठ
नमस्कार मंडळी. आमची तालुक्याच्या गावची नगरपंचायत आहे, आधी ग्रामपंचायत होती. लोकसंख्या १४ हजारांच्या आसपास, नळजोडण्या २,६००. जॅकवेल (नदीतलं पाणी उचलायची विहीर) ९ किलोमीटरवर, तिथून रायझिंग मेन (पंपाने पाणी वर चढवणारी मोठी लाइन), शुद्धीकरण केंद्र आणि दोन उंच टाक्या, ५ लाख आणि ३ लाख लिटरच्या. रोज १२ लाख लिटर उचलतो असं कागदावर आहे. तरी पाणी तिसऱ्या दिवशी येते, उन्हाळ्यात पाचव्या-सहाव्या. मीटर नाहीत, वर्षाची ठोक पाणीपट्टी आहे.

आता एका कंपनीचा प्रस्ताव आला आहे. १० वर्षं सगळं आम्ही चालवू, मीटर बसवू, २४ तास पाणी देऊ, वसुलीही आम्हीच करू. पुढच्या सभेत विषय येऊन राहिला आहे. एक गट म्हणतो नागपूरसारखं करू, दुसरा म्हणतो लातूरसारखं होईल. नेमकं काय तपासावं, जाणकारांनी सांगावं.

मीटरवाला
भाऊ, आधी ते १२ लाख लिटर कुठं मोजले ते पाहा. बहुतेक ठिकाणी पंपाच्या पाटीवरचा डिस्चार्ज (तासाला किती पाणी फेकतो तो आकडा) गुणिले चाललेले तास, एवढाच तो आकडा असतो. पंप जुना झाला, इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) झिजला की डिस्चार्ज कमी होतो, पण रजिस्टरमध्ये तोच आकडा वर्षानुवर्षं उतरत राहतो. असा आकडा करारात गेला की पुढची सगळी भांडणं त्यावरूनच होतात.

म्हणून सही करण्याआधी निदान तीन महिने मोजणी करा, त्यात एप्रिल किंवा मे धरा. चार ठिकाणी बल्क मीटर (मोठ्या लाइनचं पाणी मोजणारे) लागतील: जॅकवेलची डिलिव्हरी, शुद्धीकरण केंद्राचं आउटलेट आणि दोन्ही टाक्यांचे आउटलेट. इलेक्ट्रोमॅग्नेटिक घ्या, त्यात फिरता भाग नसतो. गाळाच्या पाण्यात फिरत्या पात्यांचं मीटर लवकर अडकतं. बसवताना मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर तीनपट सरळ तुकडा हवा. १५० मिमीच्या लाइनला म्हणजे आधी ७५ सेंटिमीटर, नंतर ४५. बेंडला किंवा वॉल्व्हला चिकटवून बसवलं तर रीडिंग चुकतं. पाइप पूर्ण भरून वाहत नसेल तरीही चुकतं.

गळती पाहायला टाकीच पुरेशी आहे. ५ लाखांची टाकी १२ मीटर व्यासाची असेल तर पाणी १ सेंटिमीटर उतरणं म्हणजे सुमारे १,१३० लिटर. पहिल्या रात्री इनलेट-आउटलेट दोन्ही बंद करून पातळी पाहा. उतरली तर टाकीच गळते किंवा वॉल्व्ह पूर्ण बसत नाही. दुसऱ्या रात्री २ ते ४ या वेळेत फक्त आउटलेट उघडा. एवढ्या रात्री जे पाणी उतरतं ते मुख्यतः गळतीत आणि तोटी नसलेल्या नळांतून जातं. त्यामुळे आधी त्या भागात तोट्या बसवून घ्या, नाहीतर पाइपची गळती आणि उघडा नळ यांतला फरक कळणार नाही.

हिशोबतपासनीस
विजेचा मुद्दा जोडतो, कारण अशा योजनांत सर्वांत मोठा खर्च बहुधा तोच असतो आणि करारात तोच संदिग्ध ठेवला जातो.

१ घनमीटर पाणी उचलायला लागणारे युनिट = हेड (पाणी किती उंच चढवायचं ते, मीटरमध्ये) ÷ ३६७ ÷ कार्यक्षमता. तुमचं एकूण हेड घर्षणासह ७० मीटर धरा, पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरा. मग १ घनमीटरला ०.३२ युनिट लागतात, १२ लाख लिटरला म्हणजे १,२०० घनमीटरला रोज ३८० च्या आसपास. बिलावर रोजचे ६०० पडत असतील तर कार्यक्षमता ३८ टक्क्यांवर आली आहे, किंवा पाणी खरोखर १२ लाख लिटर येत नाही, किंवा ऑपरेटर डिलिव्हरी वॉल्व्ह अर्धा दाबून पंप चालवतो. तिन्ही गोष्टी बल्क मीटर लागल्यावर महिनाभरात उघड होतात.

बिल नगरपंचायतीने भरायचं ठरलं तर कंपनीला पंप सुधारण्यात रस उरत नाही. सगळं बिल कंपनीवर टाकलं तर दरवाढीची जोखीम ती आधीच निविदेच्या दरात लावते. मधला मार्ग असा: प्रति घनमीटर युनिटची मर्यादा करारात लिहा. मर्यादेच्या आतलं बिल नगरपंचायतीचं, वरचं कंपनीचं, आणि बचत झाली तर निम्मी-निम्मी. युनिटचा दर वाढला तर तो बोजा नगरपंचायतीने घ्यावा, ते कंपनीच्या हातात नाही.

मोबदल्याचंही तसंच. 'उचललेल्या पाण्यावर' पैसे देऊ नका. तसं केलं की जितकी गळती जास्त तितकं कंपनीचं बिल मोठं. ठरावीक मासिक रक्कम कमी ठेवा आणि उरलेला भाग बिल होऊन वसूल झालेल्या पाण्याशी बांधा. वसुली कंपनीने केली तरी पैसा रोज नगरपंचायतीच्या नावाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरल्या क्रमानेच पैसे सुटतील अशा बँक खात्यात, जमा व्हावा. त्यातून आधी वीज, मग कच्च्या पाण्याची आकारणी, मग कंपनीचा मोबदला, असा क्रम करारातच लिहा.

कराडकर
नागपूर की लातूर, हा वाद सभेत फार वेळ खाईल, म्हणून थोडक्यात.

नागपूरचा करार २५ वर्षांचा आहे, मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर ही खासगी कंपनी शहराचा पुरवठा पाहते. आधी धरमपेठ भागात पथदर्शी काम झालं. मालमत्ता आणि दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडेच राहिला, हे तिथून उचलण्यासारखं. ५ वर्षांत संपूर्ण शहराला २४ तास पाणी हे उद्दिष्ट मात्र वेळेत गाठता आलं नाही. शिवाय तिथं भांडवली कामांना केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेचा पैसा होता आणि पेंच-कन्हानचा स्रोत होता. १४ हजारांच्या गावाने तोच नमुना उचलणं चुकीचं ठरेल. लातूरला पुरवठा खासगी कंपनीकडे दिल्यावर मीटर आणि दर यांवरून मोठा विरोध झाला आणि करार टिकला नाही. लोकांना पाण्यात फरक दिसण्याआधी मीटर आणि वाढीव बिल दारात आलं की कुठंही हेच होईल.

तुमच्या आकाराला जवळचं उदाहरण मलकापूरचं (कराडजवळचं, आपलं बुलढाण्याचं नव्हे). तिथं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण (राज्याची पाणीपुरवठा संस्था) आणि स्थानिक नगरपंचायतीने मीटरवर २४ तास पाणी दिलं, दर टप्प्याटप्प्याने वाढणारा ठेवला, म्हणजे कमी वापराला कमी दर. वितरणाची घडी नीट बसवली तर पाणी चोवीस तास देता येतं, त्यासाठी खासगी मालक असावाच लागतो असं नाही.

माझं मत: १० वर्षांचा 'सगळं तुमच्याकडे' करार नको. ५ वर्षांचा, कामगिरीवर पैसे देणारा व्यवस्थापन करार करा आणि पहिल्या वर्षी फक्त एका टाकीचा भाग घ्या.

अडाणकाठ
धन्यवाद. दोन शंका. उन्हाळ्यात नदीच आटली तर कंपनी हात वर करेल का? आणि २४ तास पाणी खरंच शक्य आहे का, की त्याने आहे ते पाणीही संपेल?

काळीमाती
स्रोताची जबाबदारी कोणतीही कंपनी अंगावर घेणार नाही, आणि घेतो म्हणाली तर दर पाहा. धरणातल्या पाण्याचं आरक्षण जलसंपदा विभागाकडून नगरपंचायतीनेच घ्यायचं असतं. करारात एवढं लिहा: जॅकवेलमध्ये पाण्याची पातळी अमुक खुणेच्या वर असताना पुरवठा कमी पडला तर दंड, खाली गेली तर दंड नाही, पण उपलब्ध पाणी सर्व भागांना समान वाटण्याचं वेळापत्रक पाळावंच लागेल. विजेचंही तेच. वीज नव्हती ही सबब सबस्टेशनच्या लॉगशीटवरून तपासली जाईल असं नमूद करा. एक्स्प्रेस फीडर (फक्त योजनेसाठीची वेगळी वीजवाहिनी) असेल तर ही सबब बरीच कमी होते.

आता २४ तास. शक्य आहे, पण आहे त्या लाइनवर नाही. तिसऱ्या दिवशी पाणी येते म्हणून प्रत्येक घर टाकं, ड्रम, बादल्या भरून ठेवते आणि नवं पाणी आलं की शिळं फेकते. दाब कमी म्हणून टिल्लू पंप (नळाला लावून पाणी ओढणारे छोटे पंप) लागतात, टिल्लूने शेवटच्या घराचा दाब आणखी कमी होतो. रिकाम्या लाइनमध्ये नालीचं पाणी ओढलं जाते ते वेगळंच. पाणी पुरेशा दाबाने रोज ठरल्या वेळी आलं तरी साठवण्याची घाई कमी होते. एकमजली घरांच्या वस्तीसाठी फेरूलला (मुख्य लाइनवर घरजोडणी निघते ती जागा) ७ मीटर दाब, म्हणजे पाणी तेवढं वर चढेल इतका, हा केंद्राच्या १९९९ च्या नियमावलीतला किमान आकडा होता, दुमजलीला १२. करारात 'पुरेसा दाब' असं न लिहिता नेमका आकडा, मोजायची जागा आणि वेळ लिहा. टाकीपासून सर्वांत लांबचं आणि सर्वांत उंचावरचं घर निवडा, तिथं कायमचा प्रेशर गेज पॉइंट ठेवा.

खंडित पुरवठ्यात घरगुती मीटर बसवायची घाई करू नका. लाइन भरताना आधी हवा सुटते आणि मीटर हवेवरच फिरते. लोक म्हणतात, पाणी आलं नाही तरी बिल आलं, आणि ते खरं असते. लाइनच्या उंच ठिकाणी एअर वॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारे), मग झोनिंग (गावाचे वेगवेगळे पुरवठा भाग पाडणं), मग दाब, त्यानंतर मीटर. पहिले तीन महिने मीटरचं बिल फक्त माहितीसाठी द्या, आकारणी जुन्याच दराने.

आपल्याकडे काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंट) किंवा पीव्हीसी पाइपचे जॉइंट नेमके एप्रिल-मेमध्ये सुटतात. नवी लाइन टाकताना खाली आणि सर्व बाजूंनी १५ सेंटिमीटर वाळू किंवा बारीक मुरूम हवा, उकरलेली काळी माती पाइपला लागून परत भरायची नाही. ठेकेदार इथंच वाचवतो. म्हणून भराव टाकण्याआधी पाइपचा चर उघडा असताना तपासणी आणि फोटो, त्याशिवाय बिल नाही, ही अट टाका. घरजोडणीला एमडीपीई (लवचीक प्लास्टिक) पाइप आणि सॅडल (मुख्य लाइनवर जोडणी घट्ट बसवणारा पट्टा) वापरा. बरीच गळती मुख्य लाइनवर नसून फेरूल ते घर या तुकड्यात असते.

मीटरवाला
क्लोरीनचं राहिलं. १२ लाख लिटरला २ मिग्रॅ प्रति लिटर मात्रा धरली तर रोज २.४ किलो क्लोरीन लागते. ताजी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) ३३ टक्क्यांची असते, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली की भराभर उतरते. २५ टक्क्यांवर आली तर साडेनऊ-दहा किलो लागेल. कंपनीने किती गोण्या टाकल्या हे मोजून उपयोग नाही. टोकाच्या नळाला ०.२ मिग्रॅ उर्वरित क्लोरीन आहे का, हे रोज पाच ठिकाणी मोजायचं, आणि त्यांतली निदान दोन ठिकाणं नगरपंचायतीचा माणूस आयत्या वेळी ठरवेल असं लिहा.

हिशोबतपासनीस
आणि परतीचं कलम. करार संपताना काय परत मिळेल ते आजच ठरवा: पंपांची किमान कार्यक्षमता, चालू मीटरची टक्केवारी, वॉल्व्ह आणि लाइनचा अद्ययावत नकाशा, ग्राहकांचा सगळा डेटा नगरपंचायतीच्या नावावर. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला संयुक्त तपासणी करा आणि बँक हमी करार संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत चालू ठेवा. सध्याच्या वॉल्व्हमनना काढू नका, त्यांना कंपनीच्या पथकात घ्यायची अट टाका. कुठला वॉल्व्ह कुठल्या गल्लीला जातो हे बहुधा त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसते, आणि नकाशाचं काम त्यांना सोबत घेऊन पहिल्या दोन महिन्यांत पूर्ण करून घ्या.