पेट्रोलची बचत आणि घरची हळद
पेट्रोल वाचवण्याच्या खटपटीपेक्षा ऑनलाइन कमाई बरी, हे म्हणणे मला अर्धेच पटते. सांगली ते मिरज हा सुमारे १० किलोमीटरचा रस्ता मी रोज स्कूटरने करतो. दर पंधरवड्याला टायरमधील हवा तपासू लागल्यापासून आणि वाटेवरच्या विश्रामबाग भागात सिग्नलला इंजिन बंद करू लागल्यापासून तीच टाकी एक दिवस जास्त पुरते.

कमाईचे म्हणाल, तर आमच्या घरून हळद पावडर व्हॉट्सअॅपवरील मागणीनुसार जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाच्या खास मालाची सरकारी ओळख) मिळाले असल्याने नाव सांगावे लागत नाही, परंतु अर्ध्या किलोच्या पाकिटाचा नफा कुरिअरच खाऊन टाकते, म्हणून दोन किलोंखालील मागणी आम्ही घेत नाही. अन्नसुरक्षा नोंदणी (खाद्यपदार्थ विकण्यासाठीची सरकारी नोंदणी) मात्र आधी करावी. ‘शुल्क भरा, टायपिंगचे काम मिळवा’ असे सांगणाऱ्यांकडे (आमच्या शेजाऱ्यांनी भरले, काम आलेच नाही) फिरकूही नये.