मदत हवी आहे: 'बिली बॉब्स'ला टू-स्टेप नाचायला जायचंय, सोबत साबा (सासूबाई)

चिंचगूळ:
डॅलस-फोर्ट वर्थकडचे कोणी आहेत का इथे? नवऱ्याच्या ऑफिसातले एक काका निवृत्त होतायत. अस्सल टेक्सासी गडी, त्यामुळे पार्टी हॉटेलात नाही, शनिवारी रात्री स्टॉकयार्ड्समधल्या (फोर्ट वर्थचा जुना गुरांच्या बाजाराचा भाग) 'बिली बॉब्स टेक्सास' या नाइटक्लबला. सहकुटुंब बोलावणं आहे. साबा सध्या आमच्याकडेच आहेत. त्यांना म्हटलं कंटाळाल, तर म्हणाल्या, "घरी बसून तरी काय करणारे? येते मी."

अडचणी अशा:
टू-स्टेप, म्हणजे कंट्री गाण्यांवरचा जोडीचा नाच, येत नाही. यूट्यूब बघून दिवाणखान्यात सराव चाललाय. नवरा तबला शिकलेला, त्यामुळे माझ्यापेक्षा बरा नाचेल वाटलं होतं, पण तोच जास्त अडखळतो. सुरुवात बरोबर होते, मग पाऊल आणि ठेका यांची फारकत होते आणि तो मध्येच उभा राहून मात्रा मोजायला लागतो.
साबा साडीत येणार. चालेल ना? आणि मला काउबॉय बूट घ्यावेच लागतील का? चांगल्या बुटांच्या किमती बघून डोळे पांढरे झाले.
तिथे यांत्रिक बैलावर बसवतात म्हणे. नाही म्हटलं तर वाईट दिसेल का?
शाकाहारी खायला काय मिळेल?

तीनताल:
नवऱ्याला सांगा, तुमचा कान ठीक आहे, मोजायचं थांबवा. गाणं चार-चार मात्रांचं असतं आणि टू-स्टेपचं आवर्तन सहा मात्रांचं. क्विक-क्विक-स्लो-स्लो, म्हणजे एक, एक, दोन, दोन. त्यामुळे पावलांची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) गाण्याच्या समेवर दर बारा मात्रांनीच येते. तबलजी मधल्या वेळी सम शोधत बसतो आणि तिथेच फसतो. मीही तबलेवाला, अनुभवाचे बोल. नुसतं 'क्विक-क्विक-स्लो-स्लो' मनात घोकायचं आणि समोर बघायचं. पुरुषाचा डावा पाय आधी, तो पुढे चालतो. बाईचा उजवा आधी, ती मागे. वॉल्ट्झ लागला की मात्र नवऱ्याला पुढे करा. सरळ तीन-तीन मात्रा, दादऱ्याच्या अंगाने जातं, तिथे तो चमकेल.

मेस्किटवाली:
पावलांपेक्षा फ्लोअरची शिस्त महत्त्वाची. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात. बाहेरची कड वेगात जाणाऱ्यांची, आतली सावकाश जाणाऱ्यांची, मधोमध लाइन डान्सवाले (रांगेत एकेकटे नाचणारे) आणि जागच्या जागी नाचणारे. नवशिके कौतुकाने बाहेरच्या कडेला जातात आणि मागे खोळंबा करतात. पाऊल चुकलं तर चालत राहा, कोणी बघत नाही. पण कडेला थबकलात की मागचं जोडपं अंगावर येतं. हातात ग्लास घेऊन फ्लोअरवर जायचं नाही.
अनोळखी माणूस नाचायला विचारेल. एक गाणं नाचायचं, थँक्यू म्हणायचं, संपलं. नको असेल तर हसून 'नो, थँक यू' पुरतं. साबांनाही विचारतील हां! तिथले म्हातारे फार अदबशीर असतात, टोपीला हात लावून विचारतात.
बूट विकत घेऊ नका. फक्त रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज टाळा. ते लाकडाला धरून ठेवतात, तुम्ही वळता पण गुडघा वळत नाही. कातडी तळव्याचं काहीही चालेल. जीन्स आणि साधा शर्ट पुरे. झालरींचं जाकीट घालून येतात ते पर्यटक. साडी चालेल, फक्त पदर खोचायचा आणि नाचणार असतील तर जरा वर नेसायची.

गुळपोळी:
बैलाबद्दल निश्चिंत राहा. यांत्रिक बैल गाजला तो ह्यूस्टनजवळच्या पासाडेनातल्या 'गिलीज'मुळे, 1980 च्या 'अर्बन काउबॉय' सिनेमानंतर. बिली बॉब्समध्ये खरे बैल आहेत! आत चक्क छोटं रिंगण आहे, शुक्रवार-शनिवारी व्यावसायिक स्वार उतरतात, आपण बाकावर बसून बघायचं. मुळात ती इमारतच जनावरांसाठी 1910 मध्ये बांधलेली, नाइटक्लब झाला 1981 ला. जागा अवाढव्य आहे. हरवलात तर भेटायचं कुठे हे आधीच ठरवा, आवाजात फोन ऐकू येत नाही. नाचायच्या जागेवर आरशाच्या गोळ्याऐवजी चमचमतं खोगीर टांगलंय, ते साबांना दाखवा.
आणि शक्य असेल तर दुपारीच जा. बाहेर एक्स्चेंज अव्हेन्यूवर रोज साडेअकरा आणि चार वाजता लाँगहॉर्न गुरांचा कळप रस्त्यावरून नेतात. शिंगं बघण्यासारखी.
खाण्याचं म्हणाल तर चिलीच्या नादी लागू नका, टेक्सासची चिली म्हणजे मांसच. बीन्समध्येही कधीकधी चरबी असते, विचारून घ्या. पोटभर जेवून जाणं उत्तम.

मेस्किटवाली:
एक राहिलंच. 'कॉटन-आयड जो' हे गाणं लागलं की लोक एकमेकांच्या कमरेत हात घालून रांगा करतात, लाथा झाडतात आणि मध्ये सगळे मिळून एक शिवी ओरडतात. टेक्सासात ती परंपराच आहे. साबांनी विचारलं तर बैलाबद्दल काहीतरी म्हणतायत म्हणून सांगा, अर्धं खरंच आहे, शिवीत 'बुल' येतोच.

चिंचगूळ:
खूप खूप धन्यवाद मंडळी! नवऱ्याला तीनतालांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो आता बारा मात्रांचा हिशेब कागदावर मांडतोय, म्हणजे सल्ला उलटाच लागू पडला. साबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, गुरं चार वाजताची बघायची तर निघायचं किती वाजता? फ्रिस्कोहून (डॅलसच्या उत्तरेला, तिथेच राहतो आम्ही) शनिवारी दुपारी ट्रॅफिक कसा असतो? दीडला निघालं तर पुरेल का, आणि पार्किंग स्टॉकयार्ड्सला नेमकं कुठल्या बाजूला सोपं पडतं?