मदत हवी आहे: गेममध्ये लॅपटॉप ९७ अंशांवर

सोलापुरातला अक्कलकोट रोड एमआयडीसीचा भाग, त्यामुळे यंत्रमागाचे सुती तंतू हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांत चिकटून बसतात. ते काढले, मागची बाजू इंचभर उचलली. तरी गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर, वेग ४ वरून २ गिगाहर्ट्झवर.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केल्यास टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होऊन तापमान ८२ अंशांवर थांबतं, पण फ्रेम्स घटतात. (कूलिंग पॅड सुचवू नका, खोलीच ३८ अंश, तो गरम हवाच फेकतो.)

प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट चार वर्षांची आहे. पातळ पेस्ट उघड्या चिपवरून कडेला सरकते, म्हणून पीटीएम ७९५० (पेस्टऐवजी लावायची, गरम झाल्यावर मऊ होणारी शीट) लावावं का? व्हीरॅमचे (ग्राफिक्सच्या मेमरीचे) थर्मल पॅड फाटले तर जाडी कशी ठरवायची? अर्ध्या मिमीच्या जागी एक मिमीचा पॅड बसवला तर हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकत नाही. नवी पेठेत पॅड मोजून काम करणारं कोणी माहितीय का?