शुगर आटोक्यात आली तरी आईचा डोळ्यांचा पडदा खराब का होतोय?

सायली_प: आईला १४ वर्षं शुगर आहे. आधी दुर्लक्षच झालं, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९-१० असायचं, पण गेली २ वर्षं ७ च्या आत आहे. तरी परवा थेंब घालून पडदा तपासला तर रेटिनोपथी (शुगरमुळे पडद्याचं होणारं नुकसान) पुढे सरकलीय म्हणाले. कारण विचारलं तर "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस" एवढंच. आई रडायलाच लागली, इतकं तोंड बांधून काय मिळवलं म्हणे. अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल सुरू करू का?

पडदावाला: आधी आईंना सांगा, त्यांचं पथ्य वाया गेलेलं नाही. पडद्याला ऑक्सिजन प्रचंड लागतो. रक्तात साखर जास्त झाली की पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जा तयार करणारे भाग) ती जाळताना सुपरऑक्साइडसारखे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) जास्तच बाहेर टाकतात, आणि ते निस्तरणारं पेशीचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, त्याच वेळी कमी पडायला लागतं, कारण जादा साखरेचं सॉर्बिटॉल (साखरेचंच एक बदललेलं रूप) करण्यात पेशीचं एनएडीपीएच (या कामात लागणारा एक मदतनीस रेणू) संपतं आणि ग्लुटाथायोन परत ताजं करायलाही तेच लागतं. हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मग बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेरिसाइट पेशी मरतात, तिथे भिंत फुगते (तपासणीत लाल ठिपके दिसतात ते हेच), पाणी झिरपतं, काही वाहिन्या बंद पडतात आणि उपाशी पडदा व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारं प्रोटीन) सोडून नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतो.

आता तुमचा प्रश्न. याला मेटाबॉलिक मेमरी म्हणतात. अमेरिका-कॅनडातल्या टाइप १ डायबिटीसवाल्यांवरच्या डीसीसीटी नावाच्या अभ्यासात एका गटाची शुगर कडक आणि दुसऱ्याची नेहमीच्या पद्धतीने सांभाळली. तो १९९३ ला संपला, नंतर दोन्ही गटांची शुगर जवळपास सारखी झाली, तरी आधी कडक कंट्रोल असलेल्यांचे डोळे पुढची कित्येक वर्षं चांगले राहिले. म्हणजे जुन्या शुगरचा हिशोब पडदा विसरत नाही, पण आजचा चांगला कंट्रोलही तो तसाच लक्षात ठेवतो.

माधव_कोल्हापूर: कॅप्सूलवर विसंबू नका, कळकळीने सांगतो. बाबा त्या घेत होते आणि डोळ्याला चाललंय औषध म्हणून दीड वर्ष तपासणीच केली नाही, एक दिवस सकाळी पेपर वाचताना डोळ्यासमोर काळी जाळी आली ती हलेचना, आत रक्तस्राव झाला होता. लेझर, इंजेक्शनं सगळं झालं, एका डोळ्याने आता मोठी अक्षरंच दिसतात.

सायली_प: बापरे. मग कॅप्सूल नकोच?

पडदावाला: कॅप्सूलनी रेटिनोपथी थांबते असा भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा बीपी बघा, लघवीतलं प्रोटीन तपासा, आणि मॅक्युलाला (पडद्याच्या मधल्या, बारीक बघण्याच्या भागाला) सूज आहे का ते ओसीटीवर (पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर) कळतं, ती तपासणी झालीय का? रिपोर्ट असेल तर काय लिहिलंय ते इथे टाका, नाव झाकून.