मदत हवी आहे : झाडांच्या नावांवरून मुंबईचा चित्रनकाशा

नमस्कार मंडळी,

चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, उमरखाडी, फणसवाडी अशी जी झाडांची नावे मुंबईच्या पत्त्यांत अजून टिकून आहेत, ती एकत्र दाखवणारा नकाशा मी कुलाबा ते माहीम एवढ्या भागापुरता हाताने रंगवत आहे. मूळ सात बेटांच्या सीमारेषा फिकट निळ्या जलरंगात आणि त्यांवर आजचे रस्ते काळ्या शाईत, अशी मांडणी ठरली आहे. रस्त्यांची बाह्यरेषा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतली असून तसा श्रेयनिर्देश कोपऱ्यात करणार आहे.

अडचण प्रमाणाची आहे. 1:10,000 या प्रमाणात 1 किलोमीटर म्हणजे 10 सेंटीमीटर. वडाळ्याचा वड त्यात पारंब्यांसकट ऐसपैस मावतो, परंतु गिरगावात फणसवाडी, केळेवाडी आणि आंबेवाडी इतक्या खेटून आहेत, की फणसाचे एक पान काढले तरी ते शेजारच्या वाडीत शिरते. (प्रत्यक्षातही फांद्या शिरत असतीलच म्हणा!) गिरगाव फुगवून काढले तर अंतरांशी प्रतारणा होते, वेगळ्या चौकटीत मोठे करून दाखवले, तर चित्राची सलगता तुटते. माझा कल फुगवण्याकडे आहे.

कोणी असे काम केले असल्यास, प्रमाण बदलल्याचे वाचकाला चित्रातूनच कसे सुचवले, ते कृपया सांगावे. तसेच गिरगाव-भुलेश्वरकडच्या जुन्या रहिवाशांनी घरात ऐकलेली, पाटीवर न उरलेली वृक्षनामे जागेच्या खुणेसह कळवावीत.